कानामागची मुंगी

पितळी वजनाला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. बोटांचा घाम वजनावर बसतो आणि वजन खोटं बोलायला लागतं.

*

"दात्याने शस्त्रक्रियेपूर्वी सलग बेचाळीस दिवस धूम्रपान केलेले नसावे. रक्तात एका झुरक्याचाही अंश आढळल्यास मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल."

*

राजमतीवहिनी पाच वर्षं गूळ खात नाही.

*

तासगाव रस्त्यावर द्राक्षांचं एक शीतगृह बंद पडून आहे. त्याच्या मागच्या भिंतीला दुपारी तीननंतर सावली येते.

*

पिंजऱ्यात निळा दिवा लागला की उंदराला नळीतून निकोटीन मिळायचं. प्रयोगानंतर उंदीर दिव्याकडे जाईना. पिंजऱ्यातल्या दुसऱ्या उंदराकडेही जाईना. ही दुसरी गोष्ट अहवालाच्या तळटीपेत होती.

*

मी आयुष्यात एकही अख्खी सिगारेट ओढलेली नाही.

*

मी त्रिशला चौगुले. वय त्रेचाळीस, लग्न केलं नाही, राहणार सांगली. मी आणि माझा थोरला भाऊ भरतेश वजनकाटे दुरुस्त करतो. हळदीच्या पेठेतले, दूध संस्थांचे, साखर कारखान्यांचे, सोनारांचे. धंदा वडिलांचा. व्हॅनमध्ये मागं मखमलीच्या खणांत मानक वजनं, पुढं आम्ही दोघं. दोन गावांच्या मध्ये कुठंतरी व्हॅन थांबायची. भरतेश एक सिगारेट पेटवायचा, अर्धी ओढायचा, उरलेली माझ्या हातात द्यायचा. दिवसाला सात-आठ वेळा, बावीस वर्षं. त्याच्याशिवाय मी कधी ओढली नाही.

"पहिली अर्धी तुलाच का, अण्णा?" मी एकदा विचारलं होतं.

"धुराचा कस खाली उतरतोय खुळे. मी नुसतं पाणी पितोय, तुला साय देतोय, साय."

पाच वर्षांपूर्वी भरतेशची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. त्या चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनिमहाराज मुक्कामाला होते. त्यांच्यासमोर भरतेशनं तंबाखू सोडण्याचा नियम घेतला. मुनींसमोर घेतलेला नियम ही काही चहाच्या टपरीवर खाल्लेली शपथ नसते. त्याच्या बायकोनं, म्हणजे राजमतीवहिनीनं, त्याच वेळी उठून हात जोडले आणि जन्मभरासाठी गूळ सोडला. नवऱ्याला एकट्याला जड जाऊ नये म्हणून.

भरतेशचा नियम अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी कवठे एकंदच्या अलीकडं त्यानं व्हॅन कडेला घेतली.

"तिशे, घरी बोलायचं न्हाई."

मी बोलले नाही. पाच वर्षं.

*

मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, आता मूत्रपिंड बदलायला हवं. माझं जुळलं. मी 'हो' म्हणायला एक श्वाससुद्धा घेतला नाही, हे मला नीट आठवतं. मग रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी वहिनीच्या देखत मला विचारलं, "दिवसाला किती सिगारेट?"

वहिनी माझ्याकडं असं बघायला लागली, जसं मी डॉक्टरांचं घड्याळ चोरलंय.

"बाईमाणूस असून? कुणाबरोबर?"

"एकटीच."

"अगं, नवरा माझा नियम घेऊन बसलाय आणि तू त्याच्या शेजारच्या सीटवर—"

"अण्णा खाली उतरला की ओढते. त्याला ठाऊक नाही."

भरतेश भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडं बघत होता. इतक्या बारकाईनं, की जणू त्याची परीक्षा होती.

बाहेर आल्यावर तो मला कुजबुजला, "लई मोठी झालीस गं."

"गप बस. चालताना खोकू नकोस."

*

आता सिगारेट सोडवायला दवाखान्यानं मला दिलेल्या टिकलीबद्दल.

मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, एका घडीत दडलेला एक भाग आहे. त्याला इन्सुला म्हणतात. तलफ आली की छातीत जे ओढल्यासारखं होतं, त्याची जाणीव या घडीत होते. पूर्वी पक्षाघातात ज्यांच्या या भागाला इजा झाली, त्यातल्या काहींची सिगारेट एका दिवसात सुटली होती. पक्षाघात देऊन कुणाची सिगारेट सोडवता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली, आधी उंदरांवर.

आठवण जागी झाली की ती काही तास मऊ असते. गार झालेली गुळाची ढेप पुन्हा काहिलीत टाकावी, तशी. परत घट्ट होण्याआधी तिला हात लावता आला तर तिचा आकार बदलतो. टिकली हेच करते. कानामागं चिकटवायची, कुंकवाच्या टिकलीएवढीच असते. तलफेची लाट उठली की ती ओळखते आणि बारीक ध्वनिलहरी त्या घडीवर सोडते. आठवण जशीच्या तशी राहते. तिला बांधलेली ओढ तेवढी सैल होऊन बसते. पुढच्या वेळी आणखी सैल.

कागदावर तिचं नाव 'ओढनियंत्रक' होतं. मिरजेत सगळे टिकलीच म्हणायचे. दवाखान्यातल्या आयासुद्धा.

तिचं एक वैगुण्य होतं. ओढ कशाची आहे हे तिला कळत नाही. त्या घडीत त्या क्षणाला जे काही उठलं असेल, ते सगळं ती सैल करते.

म्हणून फॉर्मवर सातवा प्रश्न होता.

*

"७. अशी कोणी व्यक्ती आहे का, जिच्या सहवासात आपण नेहमी धूम्रपान करता? असल्यास नाव व नाते लिहा. (त्या व्यक्तीच्या सहवासात ओढनियंत्रकावर झाकण लावणे बंधनकारक आहे.)"

समुपदेशक मीनल उगारे. तिशीची, हुशार, आणि वहिनीच्या मावसबहिणीची सून. वहिनी माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर डबा घेऊन. मीनलनं मला प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला.

मी पेन टेकवलं. वहिनी फॉर्मकडं बघत होती. मी विचार केला: नाव लिहिलं तर भरतेशचा नियम मोडल्याचं आजच, इथंच, एका नातेवाइकासमोर उघडं पडेल. वहिनीचा पाच वर्षांचा गूळ फुकट जाईल. नाही लिहिलं तर काय होईल? झाकण लावायचं राहील. झाकणच ना.

मी लिहिलं: नाही.

*

दिवस १. चार एप्रिल. काही नाही. नुसती टिकली खाजते.

दिवस २. डोकं ठणकतंय. हाताला काम नाही म्हणून हात दुसऱ्या हाताला धरतो. दूध संस्थेच्या सचिवाला मी म्हटलं की तुमचा काटा बरोबर आहे, तुमची म्हैस खोटी आहे. त्याला ते आवडलं नाही.

दिवस ३. हा सगळ्यात वाईट. सकाळपासून तोंडात जुन्या नाण्याची चव. रस्त्यावर पुढचा माणूस सिगारेट टाकून गेला आणि मी ती विझेपर्यंत उभी राहिले. तलफ उठते, कानामागं मुंगी चालल्यासारखं होतं, तलफ जरा बसते. पाच मिनिटांनी पुन्हा. मी वेलदोडे, बडीशेप आणि पेनाचं टोपण खाल्लं. घरी भांडी घासताना रडले. का, ते कळलं नाही.

दिवस ५. चहा प्यायले आणि चहानंतर काहीच झालं नाही. बावीस वर्षं चहानंतर जे व्हायचं ते झालं नाही. मी कप हातात धरून हसले. एवढं सोपं?

एकेक गोष्ट गळत गेली. हळदीच्या पेठेतली दुपारची धूळ. व्हॅनच्या दरवाज्याचा आवाज. आगपेटी. मीनलनं मोबाइलवर आलेख दाखवला. रेघा रोज बुटक्या होत होत्या. काटा जुळवून शून्यावर आणला की मला एक छोटं सुख व्हायचं, तेही त्या आठवड्यात गेलं. ते सुखसुद्धा आम्ही व्हॅनमागं जाऊन साजरं करत होतो ना. मी त्याकडं लक्ष दिलं नाही. आकडा शून्य दाखवत होता आणि काम झालं होतं.

*

दिवस ६.

सोमवार, बुधवार, शुक्रवार भरतेशचं डायलिसिस. चार तास. मी शेजारी स्टुलावर. त्याच्या दोन्ही हातांतल्या शिरा निकामी झाल्यामुळं नळी मानेत घातली होती, आणि ती जागा दोनदा पिकली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "जूनपर्यंत ढकलू. त्यापुढचं मी सांगत नाही."

"काय म्हणतीय तुझी टिकली?" भरतेशनं विचारलं.

"मुंगी चालती कानामागं."

"मला बी दे की एक. मुंगी नको, चांगला मुंगळा दे."

मुंगी चालली.

"तुझ्या वहिनीनं डब्यात काय दिलंय ठाऊक हाय? बिनमिठाची भेंडी. महावीरांनी बारा वर्षं तप केलं, पर बिनमिठाची भेंडी त्यांना बी कुणी वाढली नसंल."

मी हसले. मुंगी चालली. त्यानं पलीकडच्या नर्सची नक्कल केली. मुंगी चालली. त्याला घाम फुटला, मी कपाळ पुसलं. मुंगी चालली.

त्या चार तासांत ती एकोणीस वेळा चालली. दुसऱ्या दिवशी मीनल खूश झाली.

"बघा त्रिशलाताई, सगळ्यात जास्त तलफ तुम्हाला दवाखान्यात येते. ताण असणार. एक करा, तिथं जास्त वेळ बसत जा. जितक्या वेळा उठेल तितकी लवकर जाईल."

मी जास्त वेळ बसायला लागले. डायलिसिस नसेल त्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसायचे. आयुष्यात भावाजवळ इतकं मी कधी बसले नव्हते.

*

दिवस १३. नऊ वेळा.

दिवस १५. चार वेळा.

दिवस १७. शून्य.

*

शून्याच्या दिवशी भरतेश झोपला होता. मी स्टुलावरून बघत होते. पन्नाशीचा एक माणूस. पापण्या सुजलेल्या, कानात केस, नखं पिवळी. तोंड उघडं. कुणाचा तरी माणूस असणार, असं मला वाटलं. मग आठवलं की माझाच आहे. हे मला आठवावं लागलं.

मी सगळं तपासून पाहिलं. काटा बिघडला की आम्ही करतो तसं, एकेक भाग सुटा करून. त्याच्याबद्दल मला सगळं ठाऊक होतं. त्याच्या डाव्या गुडघ्यावरचा व्रण कशाचा, तो कुठल्या गाण्यावर स्टिअरिंग बडवतो, तो खोटं बोलताना नाक का खाजवतो. एकही आठवण हरवली नव्हती. त्यांचं वजन तेवढं गेलं होतं.

तो जागा झाला. "जेवलीस काय?"

"हो," मी म्हटलं, आणि घड्याळ बघितलं. चार तास लांबलचक आहेत हे मला पहिल्यांदा जाणवलं.

*

मी बाहेरूनच मीनलला फोन केला.

"तो सातवा प्रश्न," मी म्हटलं.

तिनं तिकडं कागद चाळले. मग म्हणाली, "तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"हो."

"कोण आहे?"

मी दाराच्या काचेतून आत, त्याच्या खाटेकडं बघितलं.

"ताई. तो आलेख मी बघितलाय. मीच तुम्हाला तिथं बसायला सांगितलंय." तिचा आवाज बारीक झाला. "आत्ताच्या आत्ता झाकण लावा."

"लावलं. आता काय उरलंय?"

"उरलं असेल तेवढं उरलंय. ते मोजायचं यंत्र नाही."

"परत येतं का?"

"एका वाटेनं येतं. तीच व्यक्ती, तीच जागा, तीच सिगारेट. एकदाच पुरते. दोन्ही ओढी एकदम परत येतात, कारण त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. पण टिकली लावल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. त्यानंतर जे बसलं ते बसलं."

सहा आठवडे. बेचाळीस दिवस. मी ओढली तर रक्तात दिसणार. मोजणी पुन्हा एकपासून, आणि शस्त्रक्रिया जून ओलांडून जाणार. न ओढली तर मूत्रपिंड वेळेवर, आणि ते देणारी बाई वेगळीच.

"मीनल, तू आमच्या वहिनीला—"

"मी कुणाला काही सांगणार नाही. नोकरी जाईल माझी," ती म्हणाली. आणि मग, "तसं नाही. नोकरीचं नाही. तुम्ही ठरवा."

*

दिवस २४. त्यानं तीनदा फोन केला, मी तिन्ही वेळा गाडी चालवत होते असं सांगितलं. त्याला डायलिसिसला न्यायला एका रिक्षावाल्याला लावून दिलं. वहिनीनं मला घरी बोलावलं. ती भाकरी थापत होती. मला बस म्हणाली नाही.

"तुला काय झालंय?"

"काही नाही."

"डोळं बघ तुझं. पाहुण्याचं डोळं झाल्यात."

मी पाट ओढून बसले. सांगायचं ठरवून आले नव्हते, पण लपवायलाही आता जोर लागत होता, आणि तो कुठून आणायचा ते कळत नव्हतं. मी सांगितलं. टिकली, सातवा प्रश्न, कोणाबरोबर ओढायचे, सगळं. नियमाचं आलं तेव्हा मी खाली बघितलं.

तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती उतरवली.

"बाराव्या दिवशी मोडला त्यानं," वहिनी म्हणाली. "त्याच रात्री मला कळलं."

"तुला—"

"मला नाक न्हाई व्हय? पाच वर्षं त्याची शर्टं मी धुतोय. तुमी दोघं व्हॅनमधनं उतरून बडीशेप चावत यायचा, शाळंतल्या पोरांगत. मला खुळी समजत हुता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? त्याचा त्यानं मोडला. माझा मी मोडला न्हाई." तिनं पुढचा गोळा घेतला, पण थापला नाही. "फॉर्म भरताना मी शेजारी हुतो. तू नाव लिहिलं असतंस तर मी भिंतीकडं बघितलं असतं की गं."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला ठाऊक होतं की इथं वाईट वाटतं.

"माया गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"सगळी?"

"बघितलं मी. नाही सापडत."

वहिनीनं पिठाचे हात एकमेकांवर चोळले. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माया असू दे, नसू दे. तू सही करायला येणार का, तेवढं सांग."

*

दिवस ३१.

भरतेशनं स्वतः व्हॅन आणली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. मानेवर पट्टी, चेहरा शाडूसारखा. मला म्हणाला, बस. तासगाव रस्त्याला लागलो. वाटेत तो नेहमीसारखा बोलला नाही. शीतगृहामागं त्यानं गाडी सावलीत लावली. तीन वाजून गेले होते.

"राजीनं सांगितलं," तो म्हणाला.

"हं."

"मी मुंगळा दे म्हणलो, तवा ती मुंगी माझंच खात हुती."

मी समोरच्या भिंतीकडं बघत होते. त्यानं खिशातून पाकीट काढलं. कोपरे मऊ पडलेलं, घामानं रंग उतरलेलं. एक सिगारेट काढून त्यानं डॅशबोर्डवर ठेवली. त्याचे हात थरथरत होते. आजारानं, असं मला वाटलं.

"एक झुरका घे. मी पेटवतो, हातात देतो. नेहमीसारखं."

"मोजणी पुन्हा सुरू होईल."

"हू दे."

"जून निघणार नाही तुझा."

"निघंल. आणि न्हाई निघाला तर..." तो थांबला. "मला मरायचं न्हाई तिशे. मी काय साधू न्हाई. मला जगायचं हाय, भेंडी खाऊन का हुईना. पर तू अशी बसलीयास शेजारी, वजनमापे खात्याच्या इन्स्पेक्टरसारखी. हे घेऊन मी काय करू?"

त्याचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं. पूर्वी तो रडला की माझ्या पोटात काहीतरी तुटायचं. मी पोटाकडं लक्ष देऊन बघितलं. तिथं दुपारचं जेवण होतं.

मला ओढायची इच्छा नव्हती. सिगारेट डॅशबोर्डवर पडली होती, खडूसारखी. ज्याला ओढ नाही त्याला 'नाही' म्हणायला कष्ट पडत नाहीत. याचीच मला भीती वाटायला हवी होती.

"नको," मी म्हटलं.

"मग मूत्रपिंड तरी कशाला देतीस? कोण लागतो मी तुझा?"

हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता, आणि उत्तर एकच सापडलं होतं. तेवढंच माझ्याजवळ होतं.

"अण्णा, आपण मानक वजन पेठेत नेतो. ते एक किलोच आहे हे आपण रोज ठरवत नाही. ज्यानं शिक्का मारला त्याच्यावर विश्वास ठेवतो. मार्चमध्ये एका बाईनं हो म्हटलं होतं. एक श्वाससुद्धा न घेता. ती माझ्यापेक्षा शहाणी होती. तिला तुझ्याबद्दल मला ठाऊक नाही असं काहीतरी ठाऊक होतं. मी तिचं ऐकणार आहे."

"आणि ती बाई?"

"ती परत यायची तर तुला जावं लागेल. तिला ते चाललं नसतं."

तो बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मग त्यानं सिगारेट उचलली, पाकिटात परत घातली. गाडी वळवताना म्हणाला, "तिला म्हणावं, भेटायचं राहून गेलं."

*

दिवस ४०. परवानगी समिती. तीन खुर्च्या, टेबलावर पाण्याचे पेले, भिंतीवर घड्याळ. कायद्यानं विचारायचं ते त्यांनी विचारलं. कुणी दबाव आणलाय का? नाही. काही मोबदला? नाही.

"प्रेम आणि आपुलकीपोटी देताय?"

या एका ओळीवर सगळं थांबणार होतं. खरं बोलले असते तर त्यांनी फाइल बाजूला ठेवली असती आणि ते चूकही ठरलं नसतं.

"हो," मी म्हटलं.

उजवीकडच्या बाईंनी चष्मा काढला. पन्नाशीच्या, मवाळ. "भावाची एखादी आठवण सांगाल? फॉर्मवर नाही हं ते. मी आपली विचारते."

मी सांगितली.

"दोन हजार पाचच्या पुरात मी बारा वर्षांची होते. दुकानात छातीएवढं, चहाच्या रंगाचं पाणी. आमच्याकडं अडत्यांचा एक जुना मोठा तराजू होता, साखळ्यांचा. भरतेशनं त्याचं एक पारडं काढलं, खाली ट्रकच्या दोन ट्यूब बांधल्या आणि मला त्यात बसवलं. वडील ओरडत होते, वजनं बुडू देऊ नका. म्हणून माझ्या मांडीवर वजनांची पेटी दिली. भरतेश वीस वर्षांचा, पोहता येत नव्हतं. पाण्यात चालत मला ढकलत होता. गणपती मंदिराच्या वळणावर पारडं कलायला लागलं. त्यानं पेटी उघडली आणि एकेक वजन पाण्यात सोडलं. वीस किलो, दहा किलो, पाच किलो. प्रत्येक वजन सोडताना मोठ्यानं म्हणायचा, 'हे तिशेपेक्षा हलकं. हेबी तिशेपेक्षा हलकं.' वडिलांनी नंतर त्याला पट्ट्यानं मारलं. मार खाताना तो माझ्याकडं बघून हसत होता."

मी एकही तपशील सोडला नव्हता. पाण्याचा रंगसुद्धा सांगितला. उजवीकडच्या बाईंनी डोळे टिपले. मधले गृहस्थ खाली बघून काहीतरी लिहीत राहिले, त्यांचं पेन चालत नव्हतं. डावीकडचे उठून खिडकीपाशी गेले.

खोलीत माझे एकटीचे डोळे कोरडे होते. त्यांना वाटलं असणार, किती धीराची आहे.

*

सतरा मे. दोन टेबलं, दोन खोल्या. त्याच्या पोटात बसवल्यावर सातव्या मिनिटाला ते काम करायला लागलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी "बरं" म्हटलं.

दोन वर्षं झाली. ते अजून चालतंय. भरतेशच्या चेहऱ्यावर रंग आलाय, भेंडीत मीठ आलंय. वहिनी गूळ खात नाही. आम्ही दोघं अजून काटे दुरुस्त करतो. व्हॅन मधे कुठं थांबत नाही, त्यामुळं कामं लवकर उरकतात. दर रविवारी तो माझ्या घरी येतो. मी चहा करते. तो पेठेतल्या नकला करतो, सगळ्यांच्या, आणि मधेच थांबून माझ्या चेहऱ्याकडं बघतो. मी योग्य जागी हसते. मला त्या जागा पाठ आहेत. जाताना तो पायऱ्यांवर विचारतो, "जेवलीस काय?" आणि उत्तर येईपर्यंत उभा राहतो.

*

भरतेशनं शेवटची सिगारेट चार एप्रिलला ओढली, माझ्या कानामागं टिकली बसली त्या दिवशी. त्याला टिकली कुणी दिली नाही, कारण कागदावर त्याची सिगारेट पाच वर्षांपूर्वीच सुटलेली होती. त्याची ओढ कुणी सैल केली नाही.